सॅकमधला हिशेब

ट्रेकच्या सामानातली सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे पायथ्याशी विकला जाणारा पातळ प्लॅस्टिकचा रेनकोट. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी लोहगडवाडीत किंवा सिंहगडाच्या वाटेवर शंभराची नोट दिली की तो मिळतो आणि वर सुट्टेही परत येतात. पहिल्याच करवंदीच्या जाळीत अडकून तो काखेत फाटतो आणि संध्याकाळी पायऱ्यांच्या कडेला चिखलात पडलेला असतो. दुसऱ्या टोकाला वीस-पंचवीस हजारांचे परदेशी जॅकेट आहे. त्याच्यावर पडलेला थेंब अळवाच्या पानावरच्यासारखा घरंगळतो, पण तो घरंगळावा म्हणून अनेक वर्षे जी रसायने वापरली गेली ती निसर्गात विरत नाहीत. कमी पैशांत आणि कमी नुकसान करून सामान कसे जमवायचे, हा प्रश्न या दोन टोकांच्या मधला आहे. त्याचे उत्तर शोधताना दुकानाआधी सह्याद्रीचे हवामान आणि सह्याद्रीचा कातळ पाहावा लागतो.

ट्रेकिंगच्या सामानाच्या ज्या याद्या हातोहात फिरतात, त्या मुळात आल्प्स, रॉकी किंवा हिमालयासाठी केलेल्या आहेत. अंगालगतचा थर, उबेचा थर, वाऱ्यापावसाचा थर, घोट्याच्या वर येणारे जलरोधक बूट, पिसांची झोपायची पिशवी, काठ्यांची जोडी असे सगळे त्यांत असते. सह्याद्रीचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1,646 मीटरचे. बहुतेक गड त्याहून बरेच खाली आहेत, ट्रेक एका-दोन दिवसांचा असतो आणि पायथ्याला गाव असते. पावसाळ्यात इथे थंडीने गारठण्यापेक्षा घामाने भिजण्याची शक्यता जास्त. यादी या डोंगरांना लावून पाहिली की निम्मी गळून पडते. उरतात बूट, सॅक, पावसापासूनचे आच्छादन, विजेरी, पाण्याची बाटली आणि हिवाळ्यासाठी एक उबदार कपडा. न घेतलेल्या वस्तूला पैसे पडत नाहीत आणि ती बनवायला कुठल्या नदीचे पाणीही लागत नाही.

बुटांपासून सुरुवात करणे योग्य, कारण पैसा आणि नुकसान दोन्ही तिथेच जास्त. 2013 साली एमआयटीतल्या संशोधकांनी धावण्याच्या बुटांच्या एका जोडीचा हिशेब मांडला. तिच्यात 65 सुटे भाग होते, ती बनवायला 360 हून अधिक क्रिया लागत होत्या आणि तिच्यामागे सुमारे 14 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जात होता. यातला मोठा वाटा कारखान्यात बूट घडतानाचा होता. कच्चा माल किंवा वापर यांचा भाग त्यामानाने कमी. त्यामुळे सोलवर ‘पुनर्वापरित रबर’ असे लिहिलेले असले तरी फरक बेताचाच पडतो. तोच बूट एकाऐवजी दोन वर्षे चालला, तर घडणावळीचा सगळा भार निम्म्यावर येतो.

सह्याद्रीचा कातळ बेसाल्टचा, लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला. उन्हाळ्यात तो बुटाला घट्ट धरतो. पावसात त्यावर शेवाळ आले की कुठल्याही किमतीचा सोल सटकतो, हे मान्य करून पाऊल टाकावे लागते. या कातळावर भटक्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी ‘हंटर’ घालून दिवस काढले. हिरव्या किंवा काळ्या कॅनव्हासचे, रबरी तळाचे, पोलीस आणि एनसीसीच्या पायांत दिसणारे ते बूट. तळवा पातळ असल्याने खडा टोचतो आणि टाचेला आधार नसतो, पण पाणी शिरले तसे निघून जाते आणि कॅनव्हास दुसऱ्या दिवशी वाळतो. नंतर ‘अ‍ॅक्शन’चे ट्रेकिंग बूट आले, मग मोठ्या क्रीडासाहित्याच्या दुकानांतले. जलरोधक पडदा असलेला बूट इथल्या पावसाळ्यात बहुधा चुकीची निवड ठरतो. ओढा ओलांडताना पाणी वरून, घोट्याच्या बाजूने आत येते आणि ज्या पडद्याने त्याला बाहेर अडवायचे तोच त्याला आत अडवून ठेवतो. जाळीदार कापडाचा साधा बूट भिजतो, पण पाणी धरून ठेवत नाही. शिवाय तो स्वस्त असतो.

बुटाच्या आयुष्याचा प्रश्न तळव्याच्या पोटात असतो. वरचा काळा रबर दिसतो, पण त्याच्या आणि पायाच्या मधला मऊ थर पॉलियुरेथेनचा किंवा ईव्हीएचा असतो. ईव्हीए दबून दबून निर्जीव होतो. पॉलियुरेथेनचे दुखणे वेगळे. हवेतल्या ओलाव्याने त्याच्या साखळ्या तुटत जातात आणि कपाटात नुसते ठेवलेले बूटही काही वर्षांनी भुगा होऊन पडतात. मुंबई-कोकणातल्या हवेत हे आणखी लवकर घडते. गडाच्या अर्ध्या वाटेवर दोन्ही सोल एकदम जिभेसारखे लोंबू लागतात, ते बहुतेक वेळा दोन वर्षे ‘जपून ठेवलेल्या’ बुटांचे. एरवी कंजूषपणा म्हणून हिणवली जाणारी रोजच्या वापरातल्या बुटांनी ट्रेक करण्याची सवय इथे शहाणपणाची ठरते.

भारतात या दुखण्यावर एक इलाज आहे, जो युरोपातल्या ट्रेकरला सहज मिळत नाही: रस्त्याच्या कडेला बसणारा चर्मकार. नवे बूट घेतल्याबरोबर सोलला कडेने शिलाई मारून घेण्याची पद्धत जुनी आहे. त्यातही एक बारकावा आहे. चांगला कारागीर आधी रापीने सोलच्या कडेने बारीक खाच पाडतो. मग आरी आरपार घालून, मेण चोळलेला नायलॉनचा जाड दोरा तिच्या आकड्यात अडकवून ओढतो आणि प्रत्येक टाका खाचेत बसवत जातो. टाका खाचेत बसला की दगडावर घासत नाही. घाईत, खाच न पाडता मारलेली शिलाई एका मोसमात झिजते आणि एक टाका तुटला की पुढचे उसवत जातात. ‘खाच पाडून शिवा’ एवढे तीन शब्द सांगितले की बुटाचे आयुष्य वाढते. पैसेही त्याच चौकातल्या माणसाच्या हातात पडतात.

आकडे मांडून पाहावेत. वर्षाला वीस ट्रेक धरू. 1,800 रुपयांचे बूट वर्षभर चालले तर ट्रेकमागे 90 रुपये पडतात. 150 रुपयांची शिलाई मारून तेच दोन वर्षे चालले तर 49. 6,000 रुपयांचे बूट तीन वर्षे चालले तर ट्रेकमागे 100 रुपये, आणि शिवून घेतलेल्या स्वस्त जोडीशी बरोबरी करायला त्यांना सहा वर्षे टिकावे लागेल. पॉलियुरेथेनचा थर इथल्या हवेत तेवढा टिकेल, याची हमी दुकानदारही देणार नाही. ‘महाग वस्तू शेवटी स्वस्त पडते’ हे वाक्य सॅकच्या बाबतीत पुष्कळदा खरे असते, बुटांच्या बाबतीत क्वचित.

चामड्याचे बूट टिकतात, पण बहुतेक चामडे क्रोमच्या क्षारांनी कमावलेले असते. कानपूरच्या जाजमऊत गंगेने आणि तमिळनाडूतल्या राणीपेट-आंबूर पट्ट्यात पालार नदीने त्याची किंमत चुकवली आहे. कोल्हापुरी चपलेचे चामडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, आणि हा हिरडा भीमाशंकर-जुन्नरच्या डोंगरांतले आदिवासी गोळा करतात. ट्रेकच्या बुटांसाठी असे वनस्पतीने कमावलेले चामडे स्वस्तात मिळत नाही. थोडक्यात, सह्याद्रीसाठी चामड्याची गरजच नाही.

पावसापासूनच्या आच्छादनाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. 1969 मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉन, म्हणजे पीटीएफई, झटक्यात ताणून त्याचा अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला. त्यातून पाण्याचा थेंब जात नाही, पण वाफ जाते. वाफ बाहेर पडते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या बाष्पाच्या दाबात फरक असेल तेव्हा. आल्प्समधल्या गार, कोरड्या वाऱ्यात तो फरक मोठा असतो. जुलैत राजमाचीच्या वाटेवर बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली आणि उबदार असते, म्हणून फरक उरतो थोडा आणि घाम आतच राहतो. त्यात वरच्या कापडावरचा जलविकर्षक लेप झिजला, की कापड पाणी पिऊन जड होते आणि उरलासुरला मार्गही बंद होतो. पंचवीस हजारांच्या जॅकेटमधला माणूस आणि दोनशे रुपयांच्या पोंचोतला माणूस माथ्यावर सारखेच ओले पोहोचतात. पोंचोतला बहुधा थोडा कमीच, कारण त्याला खालून वारा लागतो.

तो लेप बराच काळ पीएफएएस गटातल्या रसायनांचा होता. कार्बन आणि फ्लोरीन यांचा बंध इतका पक्का, की ही रसायने माती, पाणी आणि रक्त यांत साचत जातात. त्यांच्यापैकी पीएफओएसवर स्टॉकहोम कराराने 2009 मध्ये आणि पीएफओएवर 2019 मध्ये निर्बंध आणले. कॅलिफोर्नियाने 2025 च्या सुरुवातीपासून बहुतेक कपड्यांत या गटाला मनाई केली, फ्रान्सने 2026 पासून. बड्या ब्रँडांनी लेप बदलायला घेतले आहेत. याचा एक परिणाम भारतातल्या खरेदीदाराने ध्यानात ठेवण्यासारखा आहे: तिकडे विकता न येणारा जुना माल सवलतीत इकडे उतरू शकतो. भरघोस सूट पाहिली की लेबलवर ‘पीएफएएस-मुक्त’ किंवा ‘पीएफसी-मुक्त’ असे आहे का, हे वाचावे. ‘पीएफओए-मुक्त’ एवढेच असेल तर त्याच गटातले दुसरे एखादे रसायन असू शकते.

हा विषय महाराष्ट्रापासून दूरचा नाही. इटलीत व्हिचेंझाजवळच्या त्रिस्सिनो गावी 1960 च्या दशकात मार्झोत्तो या कापड उद्योगसमूहाने जलविकर्षक रसायनांच्या संशोधनासाठी एक कारखाना काढला. तोच पुढे मितेनी नावाने चालला. त्याच्या सांडपाण्यामुळे सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्यात पीएफएएस उतरले. 2018 मध्ये कारखाना दिवाळखोरीत निघाला आणि जून 2025 मध्ये व्हिचेंझाच्या न्यायालयाने 11 अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. दरम्यान त्याची यंत्रसामग्री लिलावात विकली गेली आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत येऊन उभी राहिली. या यंत्रांचा आजच्या रेनकोटांशी थेट संबंध जोडता येणार नाही. पण ज्या खेड तालुक्यात लोटे आहे, त्यातच रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड आहेत, आणि लोट्याच्या सांडपाण्याने दाभोळ खाडीतल्या मासेमारीचे काय झाले याची सविस्तर नोंद माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने 2011 च्या अहवालात केलेली आहे. श्रीमंत देशांनी नाकारलेले रसायनशास्त्र जगाच्या नकाशावर कुठे सरकते, हे पाहायला या तीन गडांच्या ट्रेकहून फार लांब जावे लागत नाही.

मग वापरायचे काय? भातलावणीच्या चिखलात दिवसभर वाकणाऱ्या माणसांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला होता. बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे इरले पाठीवर उलट्या होडीसारखे बसते. हात मोकळे राहतात आणि खालून हवा खेळते. आता त्याची जागा प्लॅस्टिकच्या कागदाच्या खोळीने घेतली आहे, तत्त्व मात्र तेच. ट्रेकरसाठी या तत्त्वाचे आजचे रूप म्हणजे सॅकसकट अंग झाकणारा, पॉलियुरेथेनचा लेप असलेला साधा पोंचो. जंगलातल्या वाटेवर छत्रीही चालते. उघड्या धारेवर वाऱ्यात ती उलटते आणि विजा चमकत असताना माथ्यावर ती उघडण्यात अर्थ नाही. नेहमीच्या दुकानात मिळणारा जाड रेनकोट जपून वापरला तर पाच-सहा पावसाळे सहज काढतो. त्याला मारते ती बुरशी. ट्रेकहून आल्यावर साध्या पाण्याने धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, घडी न घालता टांगला तर शिवणीवरची पट्टी सुटत नाही. सुटलीच तर ती नव्याने चिकटवता येते.

कपड्यांच्या बाबतीत घरातले कपाट उघडणे हीच पहिली खरेदी. थंड प्रदेशात भिजलेला सुती कपडा जीवघेणा ठरू शकतो, हे खरे आहे. एप्रिलच्या उन्हात मात्र सुतीच सुखाचा. पावसात पॉलिएस्टरचा टी-शर्ट लवकर वाळतो आणि तो बहुतेक घरांत कुठल्या ना कुठल्या मॅरेथॉनचा किंवा कंपनीच्या स्नेहसंमेलनाचा फुकट पडलेला असतो. नवा घेताना ‘बाटल्यांपासून बनवलेला’ या शब्दांना किती भुलावे, हा प्रश्न उरतो. 1993 मध्ये पॅटागोनियाने टाकाऊ बाटल्यांपासून फ्लीस बाजारात आणली तेव्हा ती कल्पना नवी होती. त्यात तेलाची बचत आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. टी-शर्टचा पुन्हा टी-शर्ट फारच थोड्या ठिकाणी होतो, आणि धुताना दोन्हींचे तंतू सारखेच सुटतात. 2011 मधल्या एका अभ्यासात एका धुण्यात एका कपड्यातून 1,900 हून अधिक तंतू बाहेर पडलेले आढळले होते. शिवाय ती बाटली कचऱ्यातून कोणी उचलली, त्याला काय मिळाले, हे लेबलवर नसते. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून नेमक्या याच माणसांच्या हक्कांसाठी काम करते आहे. फ्लीस असलीच तर ती कमी वेळा, थंड पाण्यात आणि शक्यतो हाताने धुवावी. एवढ्याने बरेच साधते.

हिवाळ्यात हरिश्चंद्रगडावर रात्र थंड असते, पण पिसांच्या पिशवीची गरज पडत नाही. पिसे हा हिमालयाचा प्रश्न आहे. तिथे जाणाऱ्याने जिवंत पक्ष्यांची पिसे उपटलेली नाहीत, याची खात्री देणारे 2014 पासूनचे आरडीएस प्रमाणपत्र पाहावे, किंवा पिशवी भाड्याने घ्यावी. सह्याद्रीत गुहेत किंवा देवळात मुक्काम असेल तर घोंगडीचा विचार गंभीरपणे करण्यासारखा आहे. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीचे सूत, त्याला चिंचोक्याची खळ आणि सनगरांचा हातमाग. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तिसरा हिस्सा ओलावा पिऊनही अंगाला ओली लागत नाही. घोंगडी टोचते आणि वजनाला जड असते, त्यामुळे तिच्याविषयीचे भाबडे कौतुक पहिल्या चढावरच उतरते. मुक्कामाला एक घोंगडी दोघांत वाटून नेली तर मात्र ती पटते. दुष्काळी पट्ट्यातल्या धनगराच्या ज्या लोकरीला बाजारात मातीमोल भाव आहे, तिला एक गिऱ्हाईकही मिळते.

सॅकबद्दल थोडक्यात. कापडापेक्षा शिवण, पट्ट्यांचे जोड आणि चेन पाहावी. चेन बिघडली म्हणून सॅक टाकू नये. बहुतेक वेळा दाते शाबूत असतात, फक्त रनर सैल झालेला असतो, आणि बॅगा दुरुस्त करणारा तो काही मिनिटांत बदलून देतो. आतला लेप चिकट होऊन सोलपटू लागला तरी सॅक संपत नाही. आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी घातली की सामान कोरडे राहते. वरच्या झिरपणाऱ्या कव्हरपेक्षा हा उपाय खात्रीचा.

ही झाली वस्तूंची बाजू. त्या शिवणाऱ्या माणसांची बाजू खरेदीदाराला दिसत नाही आणि स्वस्त किंमत तिथेच बोचू लागते. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत कोसळून 1,100 हून अधिक कामगार मेले. त्या इमारतीत शिवले जाणारे कपडे युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत जात होते. भारतातल्या विणमालाची राजधानी तिरुपूर. तिथल्या रंगाई कारखान्यांनी नोय्यल नदी इतकी बिघडवली, की 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते बंद करायला लावले. तमिळनाडूतल्या सूतगिरण्यांत ‘सुमंगली’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत मुलींना काही वर्षे राबवून लग्नासाठी एकरकमी पैसे द्यायचा वायदा केला जाई. महाग ब्रँड या सगळ्यातून आपोआप सुटत नाही. किंमत जास्त म्हणून मजुरी जास्त, असे गणित नाही. कंपनी आपल्या कारखान्यांची नावे-पत्ते जाहीर करते का, दुरुस्ती करून देते का, सुटे भाग विकते का, हे तीन प्रश्न पानभर हिरव्या विशेषणांपेक्षा जास्त सांगून जातात. ब्लूसाइनसारखे चिन्ह रसायनांबद्दल बोलते, आरडीएस पिसांबद्दल, पुनर्वापराचे प्रमाणपत्र धाग्याबद्दल. एकाच्या भरवशावर दुसरे गृहीत धरू नये. ‘पर्यावरणस्नेही’ असे मोघम छापून पुरावा न देणाऱ्या जाहिरातींसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत, आणि तक्रार 1915 या क्रमांकावर करता येते.

नवे घेण्याआधी जुने शोधण्याची सोय महाराष्ट्रात बरी आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी लष्करी मोडीतले पिट्टू आणि पाण्याच्या बाटल्या अजून मिळतात. तंबू, पिशव्या, काठ्या भाड्याने देणारी दुकाने मुंबई-पुण्यात आहेत. गिर्यारोहण संस्थांकडे सामानाचा साठा असतो आणि सभासदाला तो वापरायला मिळतो. वर्षातून दोनदा लागणारा तंबू विकत घेऊन माळ्यावर टाकण्यापेक्षा हे केव्हाही बरे. हिमालयात शिकायला जाणाऱ्याला उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंगच्या संस्था अभ्यासक्रमापुरते सामान देतातच, त्यामुळे आधीच बर्फाचे बूट घेऊन बसणे हा उत्साहाचा खर्च. काठमांडूच्या थामेलमधले नामांकित चिन्हाचे स्वस्त जॅकेट हा वेगळा मामला. बहुतेक माल नकली असतो. तो कोणी, कुठे, कशाने शिवला हे विचारण्याची सोय नसते आणि आत पिसे म्हणून काय भरले आहे, तेही कळत नाही.

एका ठिकाणी मात्र ही सगळी काटकसर थांबवावी लागते: दोर, हार्नेस, कॅराबिनर, हेल्मेट. लिंगाणा किंवा ड्यूक्स नोज यांसारख्या चढाईत लागणारे हे सामान नवे, यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाचे चिन्ह किंवा ईएन हे युरोपीय प्रमाण असलेले आणि खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्यावे. जुन्या बाजारातले अजिबात नको. दोर नायलॉनचा असतो. ऊन, बॅटरीतले आम्ल आणि चढणाऱ्याचे एखादे मोठे पडणे यांनी झालेली इजा त्याच्या आवरणाखाली, गाभ्यात लपते आणि बाहेरून दिसत नाही. न वापरलेल्या दोरालाही उत्पादक साधारण दहा वर्षांची मर्यादा घालतात. म्हणून संस्था प्रत्येक दोराची वही ठेवतात: कधी घेतला, किती चढाया झाल्या, कोण किती पडले. वहीतला शेवटचा रकाना भरला की दोर निवृत्त होतो आणि त्याच दिवशी त्याचे तीन-तीन हातांचे तुकडे केले जातात, म्हणजे चुकूनही कोणी पुन्हा त्याच्यावर लोंबकळणार नाही. हे तुकडे पायथ्याच्या वाडीत कपडे वाळत घालायला, दावणीला आणि पावसाळ्यापूर्वी पडवीवरची ताडपत्री बांधायला लागतात.